मरणाची तपासणी

मी मुखवटा. नाचणाऱ्याचा मुखवटा, म्हणून माझे ओठ मिटलेले. विनोदी सोंगांच्या मुखवट्यांना हे एवढाले जबडे असतात, त्यांतून आतला माणूस ओरडतो. आमच्या नाचात गाणारा बाजूला उभा राहून गातो आणि नाचणारा नुसत्या अंगाने सांगतो. त्यामुळे उभं आयुष्य मी गप्प राहिलो. आता बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना गोड ऐकायचंय त्यांनी चर्चमध्ये जावं. हल्ली तिथे करमणूक चांगली होते.

माझा जन्म कार्थेजच्या बंदराकडच्या उतारावर, इदिबाल नावाच्या म्हाताऱ्याच्या हातून झाला. जहाजाच्या जुन्या शिडाचं कापड, खळीचे थर, वरून चुन्याचा हात आणि मग रंग. इदिबाल तोंडाचा फाटका. गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला, शेळीला आणि मला तो सारख्याच शिव्या द्यायचा. मला त्याने राणी केलं. विष पिणारी, चितेवर चढणारी, लेकरं गमावलेली, जी कोणी राणी नाचायची असेल ती मी. चेहरा बाईचा आणि घालणारा पुरुष. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

नाम्फामो मला न्यायला आला तेव्हा त्याने मला चढवलं, मान इकडे तिकडे फिरवली आणि म्हणाला, "जड झालाय."

"मुखवटा बरोबर आहे," इदिबाल म्हणाला, "तुझं डोकं हलकं आहे."

तेव्हापासून त्या हलक्या डोक्यावर माझा संसार. नाम्फामो म्हणजे आमच्या जुन्या बोलीत चांगल्या पायगुणाचा माणूस. पाय खरोखरच चांगले होते. गुण मात्र दुसऱ्यांनीच खाल्ला.

सोंगाड्याच्या पोटी जन्मला तो सोंगाड्याच, असा आमच्याकडे कायदा आहे. भट्टीवाल्याचं पोर भट्टीवर, नावाड्याचं नावेवर आणि आमचं रंगशाळेत. सोंगाड्याला न्यायालयात साक्ष देता येत नाही, बऱ्या घरची सोयरीक करता येत नाही. दुपारी त्याच्यासाठी घसा फोडणारे लोक संध्याकाळी त्याची सावली पडली तरी अंग झटकतात. त्या लोकांना मी चांगला ओळखतो. दगडी पायऱ्यांवर उशा टाकून बसायचे, भाजलेले हरभरे खायचे, सालं पुढच्याच्या मानेवर टाकायचे. नाचात नाम्फामो मेला की रडायचे, आणि रडता रडता हरभरे चघळायचे. त्यांतले निम्मे तरी ख्रिस्ती. सकाळी चर्चमध्ये छाती बडवून घ्यायची, रंगशाळा म्हणजे सैतानाचं घर असं कुणी म्हणालं की मोठ्याने 'आमेन' ठोकायचं, आणि पाव्याचा पहिला सूर कानावर आला की धापा टाकत टेकडी चढायची. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि नाम्फामोचं मरण! त्यासाठी तर लोक दूरदूरच्या गावांहून यायचे. राणी मरायची तेव्हा आधी डावा हात वर जायचा, उंच फळीवरचं काही काढायचं असल्यासारखा. तो तिथेच थांबायचा. एकेक बोट मिटायचं. मग मान डाव्या खांद्यावर कलायची आणि शेवटी एक लांब श्वास, इतका लांब की सगळ्यात वरच्या पायरीवरच्या माणसालाही खांदे उचललेले दिसायचे. शहरात कुणी म्हातारी खरोखर मेली तर शेजारणी म्हणायच्या, "शांत गेली हो बिचारी. पण नाम्फामोची सर नाही." असल्या लोकांत आम्ही राहिलो.

त्या सगळ्यांचा मुकुटमणी गावियस. शहरातल्या खेळांचा कारभार त्याच्याकडे. कोण नाचणार, कोण गाणार, कुणाला कधी हजर करायचं, सगळं त्याच्या हातात. स्वतःला दोन पावलं धड टाकता येत नव्हती, पण नाचातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत. खेळ संपला की पोट सावरत मागे यायचा, डोळे पुसायचा आणि सुरू व्हायचा.

"नाम्फामो, आज डावा हात अंमळ लवकर मिटलास."

"हो सरकार."

"मी सांगतो म्हणून. दुसऱ्या कुणाच्या लक्षात नाही आलं."

"तुमच्या नजरेतून काय सुटतंय, सरकार?"

गावियस खूश होऊन जेवायला जायचा. नाम्फामो मला खुंटीला टांगून त्याच्या नावाने जे काही पुटपुटायचा ते इदिबालच्या तोंडी शोभलं असतं.

नाम्फामोची बायको पाण्याच्या खेळात होती. वसंतात रंगशाळेच्या पुढची अर्धगोल जागा पाण्याने भरतात आणि त्यात जलपऱ्या म्हणून बायका उतरवतात. अंगावर एक ओलं चिरगूट, तेही नावाला. पायऱ्यांवरचे लोक त्या दिवशी हरभरे खायचेही विसरतात. त्या पाण्यातून ती खोकला घेऊन आली आणि त्या खोकल्यानेच गेली. मागे एक मुलगी राहिली, बोनोसा. नाम्फामोने तिला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या. नाच मात्र शिकवला नाही.

मुलगी वयात आली. एकदा ती बापाला जेवण द्यायला मागच्या खोलीत आली असताना गावियसची नजर तिच्यावर पडली.

"ही तुझी? वा! हिला येत्या वसंतात पाण्याच्या खेळात घेऊ."

"सरकार, तिला नाच येत नाही."

"पाण्यात नाच कोण बघतं रे?" गावियस म्हणाला आणि स्वतःच हसला.

नाम्फामोचा चेहरा तेव्हा मी समोरून पाहिला. मी आयुष्यभर त्याच्या चेहऱ्यावर बसलो, पण माझ्याखाली असं काही असेल हे मला ठाऊक नव्हतं. सरकारपुढे सोंगाड्या काय बोलणार?

त्यातून सुटायला एकच वाट होती, आणि ती मसणातून जात होती. सोंगाड्याला एरवी बाप्तिस्मा देत नाहीत. पण तो मरायला टेकला असेल आणि त्याने मागितला, तर देतात. बाप्तिस्मा घेऊन तो चुकूनमाकून जगला, तर त्याला परत रंगशाळेत ओढता येत नाही. कायदा करणारे मूर्ख नव्हते. सगळेच सोंगाडे उद्या मरायला टेकतील हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी अट घातली. खेळांच्या कारभाऱ्याने स्वतः येऊन बघायचं, माणूस खरंच मरतोय की नाही. तो 'हो' म्हणाला तरच बाप्तिस्म्याचं पाणी. म्हणजे मरणाची तपासणी गावियस करणार! गाढवाला गुळाची चव काय? पण आमच्या शहरात गूळ चाखायचं काम गाढवाकडेच असतं.

"मग मी मरते," बोनोसा म्हणाली.

"मरशील. पण मी सांगतो तसं."

बाप लेकीला मरायला शिकवत होता आणि मी भिंतीवरून बघत होतो. बोनोसा अंगाची शहाणी होती, लवकर शिकत होती. पण ती आधी आपल्या मनाने करायला गेली. कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, डोळे अर्धवट मिटले.

"हे कुठून आणलंस?"

"आई अशीच गेली ना, बाबा?"

नाम्फामोने तिचे गुडघे हाताने सरळ केले. "तशीच गेली. भिंतीकडे तोंड करून झोपली आणि मग हाक मारली तर उठली नाही. मी शेजारी असून मला कळलं नाही. मला कळलं नाही ते गावियसला कसं कळेल? त्याने जन्मभर माझं मरण बघितलंय. त्याला तेच ओळखीचं आहे. तेच दे त्याला. हात वर घे. अजून वर. बोटं घाईत मिटू नकोस, त्यावर त्याचं लक्ष असतं."

तपासणीच्या आधी काही दिवस त्याने तिला जिऱ्याचं पाणी पाजलं. जिऱ्याने चेहरा पिवळा पडतो असं आमच्याकडे सगळे मानतात. पडला की उपाशी राहिल्यामुळे पडला, देव जाणे. मग एका दुपारी गावियस आला आणि त्याच्याबरोबर चर्चचा डीकन, म्हणजे धाकटा पुजारी, क्रेस्कोनियस, पाण्याचा तांब्या घेऊन. हा क्रेस्कोनियस तरुणपणी रंगशाळेत पहिल्या रांगेत बसायचा. मला त्याचा चेहरा आठवत होता. त्याने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात मेलेला उंदीर टांगलाय.

बोनोसाने हात वर घेतला. बोटं मिटली. मान कलली. गावियस स्टुलावर पुढे सरकून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"गेली हो पोर! ओता, बुवा, ओता! वाट कसली बघता?"

क्रेस्कोनियसने तिला विचारलं, "सैतानाला सोडतेस? त्याच्या मिरवणुकांना, त्याच्या खेळांना सोडतेस?"

"सोडते."

"मग थुंक त्याच्यावर," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

ती थुंकली. बरोबर माझ्या गालावर. मरणाऱ्या मुलीचा नेम इतका चांगला कसा, असं त्या दोघांतल्या एकालाही वाटलं नाही. मग पाणी ओतलं गेलं, पांढरं कापड पांघरलं गेलं, गावियसने नाक शिंकरलं आणि सगळे गेले. नाम्फामोने बाहीने माझा गाल पुसला. "मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. मी घेतलं.

ठरल्याप्रमाणे बोनोसा बरी झाली. गावियसने आदळआपट केली, पण कायद्यापुढे त्याचं काही चालेना, आणि आपण फसलो असं म्हणायची तर त्याला सोयच नव्हती. त्याची नजर चुकली असं त्याने कसं कबूल करावं? तिकडे क्रेस्कोनियसला आयतं घबाड मिळालं. मरणाच्या दारातली पोर पाण्याचा थेंब लागताच उठली! चमत्कार! बायका तिच्या पदराला हात लावायला येऊ लागल्या. तिला चर्चने चालवलेल्या विधवांच्या घरात ठेवलं गेलं, डोक्यावर ओढणी आली, आणि ताकीद मिळाली की त्या सोंगाड्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही. तो सोंगाड्या म्हणजे तिचा बाप.

नाम्फामो सणासुदीला चर्चच्या बाहेर, खांबांच्या मागे उभा राहायचा. ती बायकांच्या ओळीतून जायची. एकदा त्याने हळूच विचारलं, "जेवायला बरं देतात का?"

तिने मान न वळवता उत्तर दिलं, "बाबा, इथे उभे राहू नका. बघतात."

घरी येऊन त्याने मला हे सांगितलं. माझ्याशिवाय सांगायला होतं कोण? मला त्या पोरीचा संताप आला. तो मात्र म्हणाला, "शहाणी झाली. सांभाळून राहतेय." मग तो हसायला लागला. क्रेस्कोनियसचं प्रवचन त्याने खांबामागून ऐकलं होतं, बोनोसाच्या चमत्काराचं. "अरे, त्याने माझे हात चोरलेत! पोरगी मरत होती ते सांगताना डावा हात जसाच्या तसा वर. बोटंसुद्धा! आणि लोक टाळ्या वाजवतात. चर्चमध्ये! आपल्याला वाजवायचे तशाच." तो खोकला येईपर्यंत हसला.

त्या वसंतात पाण्याच्या खेळात दुसऱ्या कुणाची तरी मुलगी उतरली. नाम्फामो त्या दिवशी आजारी आहे सांगून घरी बसला.

पुढे नाम्फामो खराच आजारी पडला. पोट फुगलं, पाय सुजले, अन्न जाईना. खारवलेले ऑलिव्ह मागायचा आणि आणले की बाजूला सारायचा. शेजारची पावा वाजवणारी म्हातारी त्याला पेज करून द्यायची, त्याची शेळी बांधायची. तिनेच विधवांच्या घरी निरोप पोचवला असावा, कारण एका दुपारी बोनोसा दारात उभी राहिली. इतक्या दिवसांनी आली आणि आल्या आल्या बापाच्या पायाशी बसून रडली. मला वाटलं, आता रडून काय उपयोग? पण नाम्फामोच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बघून मी तो विचार सोडला.

"बाबा, पाणी घ्या. मी डीकनना सांगते. गावियसला बोलावतील."

"आता म्हातारपणी मला पाणी ओतून काय उगवणार आहे?"

"तसं बोलू नका. पाण्याशिवाय गेलात तर आपली भेट नाही. कधीच नाही. मी तिकडे तुम्हाला शोधत बसेन."

तिचा त्यावर खरंच विश्वास बसला होता. लबाडीने मिळवलेलं पाणी तिला आत लागलं होतं, आणि रोज ते तिला टोचत होतं. हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मला ते आवडलं नाही, पण दिसत होतं.

"घेतलं तर भेटशील?"

"भेटेन."

"मग बोलाव," नाम्फामो म्हणाला. देव, सैतान, आग, स्वर्ग, यांतलं काही त्याला नको होतं. त्याला लेक जिथे जाणार तिथे जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे आले. तोच गावियस, आता आणखी जाड झालेला, आणि तोच क्रेस्कोनियस, तोच तांब्या. बोनोसा कोपऱ्यात उभी राहिली. गावियस स्टुलावर बसला, कमरेच्या पिशवीतून हरभरे काढले आणि म्हणाला, "हं, सुरू कर."

"सरकार," नाम्फामो म्हणाला, "सुरू झालेलंच आहे."

गावियस बघत बसला. नाम्फामोने पोट खाजवलं. त्याला उचकी लागली. तोंडावर बसलेली माशी हाकलायला त्याने हात उचलला, पण तो अर्ध्यावरूनच खाली आला. मग त्याने विचारलं, "शेळी बांधली का गं कुणी?"

गावियसने हरभरा चावायचा थांबवला. "हे काय? मरणारा माणूस शेळीची चौकशी करतो?"

"कुणीतरी करायला हवी," नाम्फामो म्हणाला.

"हात कुठाय? मान कुठाय? तुझा तो श्वास कुठाय? अरे, मी तुला जन्मभर मरताना बघत आलोय! मला फसवतोस? बुवा, हे मरण नाही. ढोंग आहे, आणि तेही भिकार. याला वसंतात नवी पोरं शिकवायची आहेत, ते चुकवायला ही युक्ती. माझा नकार आहे."

क्रेस्कोनियसने तांब्या काखेत घेतला. "मलाही शंका होतीच. सोंगाड्याची जात. कारभाऱ्यांच्या शब्दाशिवाय मला पाणी देता येत नाही."

"सरकार, थांबा," बोनोसा पुढे आली. "माणूस असाच मरतो. शेळीचं विचारत, माशी हाकलत. हेच खरं मरण आहे."

"तुला गं काय कळतं त्यातलं?"

"कळतं. कारण त्या दिवशी याच खाटेवर मी जी..."

ती पुढे काय बोलणार होती ते मला कळलं आणि नाम्फामोला माझ्या आधी कळलं. अजून चार शब्द, आणि तिचं पाणी खोटं ठरलं असतं. चमत्कार गेला असता, डोक्यावरची ओढणी गेली असती, आणि येत्या वसंतात गावियसने फसवणुकीचा सगळा राग काढत तिला त्या चिरगुटात पाण्यात उतरवलं असतं. बापाला पाणी मिळावं म्हणून ती स्वतःला परत विकायला निघाली होती.

नाम्फामो उठून बसला. कुठून बळ आणलं ते विचारू नका, त्याला पेज गिळायचं बळ नव्हतं. त्याने भिंतीवरून मला ओढलं आणि तोंडावर चढवलं. मग पाय खाली सोडले आणि उभा राहिला.

त्या सुजलेल्या पायांवर तो उभा राहिला आणि राणी मेली. डावा हात वर गेला, उंच फळीपर्यंत. थांबला. एकेक बोट मिटलं, घाई न करता. मान कलली. बाहेरून ते कसं दिसलं ते गावियसला विचारा, तो अजून सांगत असतो. आतून मी सांगतो. कपाळावरचा घाम बर्फासारखा गार होता. दात एकमेकांवर आपटत होते. शेवटचा तो लांब श्वास घ्यायची वेळ आली तेव्हा घ्यायला श्वासच नव्हता. नुसते खांदे उचलले आणि खाली सोडले. छातीत काही गेलं नाही. मग तो ताठ झाला, उजवा हात ओठांशी, म्हणजे माझ्या ओठांशी नेला आणि पाहणाऱ्यांना मुजरा केला.

"हे!" गावियस स्टूल पाडून उठला आणि टाळ्या पिटू लागला. "हे मरण! बघा बुवा, बघा! लबाडा, माझी परीक्षा घेत होतास होय? धरला की नाही? मरणारा उठून मुजरा करतो होय? म्हातारा झाला, पण हात तसाच आहे!"

"देवाची थट्टा!" क्रेस्कोनियस ओरडला. त्याने तांब्यातलं पाणी उंबऱ्याजवळच्या मातीत ओतून टाकलं. ते पाणी खाटेपासून हाताच्या अंतरावर जिरलं.

बोनोसाला कळलं होतं. तिला मरण शिकवलं होतं, त्यामुळे खांदे रिकामे उचलले गेले हे तिला दिसलं. ती माझ्या डोळ्यांच्या भोकांत बघत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून. आत नाम्फामोने मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणायला लागते तेवढीच. तिने तोंड मिटलं. क्रेस्कोनियसने तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. गावियस जाताना म्हणाला, "वसंतात भेटू!"

ते गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत नाम्फामो उभा राहिला. मग भिंतीला पाठ घासत खाली बसला. त्याने मला काढलं नाही. पुढचं तुम्हाला बघायचंय, हे मला कळतंय. हरभरे खाली ठेवा. ते मी कुणाला दाखवणार नाही.

सकाळी पेज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या पावावालीने हंबरडा फोडला आणि ती धावत चर्चकडे गेली. क्रेस्कोनियस आला. त्याने माझी कड धरून मला वर उचललं आणि खालचा चेहरा पाहिला. गालफडं बसलेली, ओठ निळे पडलेले, सुकलेल्या घामाची मिठासारखी रेघ. तो काही मूर्ख नव्हता. काल हा माणूस खरंच मरत होता आणि आपण पाणी मातीत ओतलं, हे त्याला कळलं. मी त्याच्या हातात होतो. त्याने उंबऱ्याजवळच्या मातीकडे पाहिलं. थोडाच वेळ. मग त्याने मला काखेत मारलं आणि बाहेर जमलेल्या लोकांना मोठ्या आवाजात सांगितलं, "ज्याने मरणाची थट्टा केली, त्याला देवाने दिवस उजाडायच्या आत उचललं!" आपण चुकलो म्हणण्यापेक्षा चमत्कार झाला म्हणणं कुणालाही सोपं जातं.

आता मी चर्चच्या कोठीत असतो. मेणबत्त्यांची टोकं, फाटकी चटई, उंदरांनी कुरतडलेलं पांढरं कापड आणि मी. रंग उडालाय, एका बाजूचं कापड सुटलंय. वर्षभर कुणी विचारत नाही. वसंतात रंगशाळेचे खेळ सुरू झाले आणि चर्च ओस पडायला लागलं की मला बाहेर काढतात. क्रेस्कोनियस मला डाव्या हातात उंच धरतो. म्हणतो, हा बघा सैतानाचा चेहरा, याच चेहऱ्याआडून एका पाप्याने देवाची थट्टा केली. मग तो मला खाली ठेवतो आणि त्या पाप्याचं मरण करून दाखवतो. हात वर. बोटं. मान. नाम्फामोचंच सगळं, फक्त वाईट केलेलं. लोक रडतात. लोक टाळ्या वाजवतात. खेळ सोडून तेवढ्यासाठी टेकडीवरून खाली येतात म्हणे.

बायकांच्या बाजूला, मागे, बोनोसा बसलेली असते. पाप्याची लेक आणि पाण्याने तारलेली लेक, दोन्ही तीच. म्हणून टाळ्या सुरू झाल्या की शेजारणी आधी तिच्याकडे बघतात. तिचे हात मांडीवर दगडासारखे पडलेले असतात. ते वर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ती पुढे वाकते, जणू आता उठून उभीच राहील आणि सगळं सांगून टाकेल.

मला तुझा राग आहे, पोरी. जाईल असं वाटत नाही. पण उठू नकोस. त्याने आपल्या वाटचं पाणी डोळ्यांदेखत मातीत जाऊ दिलं, तुझी भेटही त्या पाण्याबरोबर सोडली, ते तू असं उठून घालवावंस म्हणून नाही. शेजारणी बघताहेत. हात उचल आणि टाळी वाजव. जोरात वाजव, बोनोसा, सगळ्यांच्या वर ऐकू येईल इतकी.